मीटरच्या डोळ्यातली हळद

"पण काकू, तुम्ही नक्की करता काय?"

हा प्रश्न गिऱ्हाईक कधी विचारत नाही, गिऱ्हाइकाची बायको विचारते. गिऱ्हाइकानं महिनाभर इंटरनेटवर वाचन केलेलं असतं, त्यामुळे सगळं कळल्याचा चेहरा करून बसणं त्याला भाग असतं. ती मात्र चहाचा कप पुढे करते आणि सरळ विचारते. मी म्हणते, "टीव्हीचे रंग जुळवते." ती म्हणते, "अहो, पण टीव्ही नवा आहे. बिघडलाय कुठे?" मी म्हणते, "नवा आहे म्हणूनच."

दुकानात टीव्ही ओळीनं मांडलेले असतात, डोक्यावर झगझगीत दिवे. तिथे जो जास्त ओरडेल तो खपतो. भाजीबाजारात असतं तसंच. त्यामुळे कारखान्यातून निघतानाच त्याला ओरडायला शिकवून पाठवतात. घरी आणला तरी तो ओरडतच राहतो. गवत पोपटी, ओठ लालभडक आणि पांढरा रंग कसा, तर निळीत जरा जास्तच वेळ बुडून राहिलेल्या धोतरासारखा. त्याचा आवाज खाली आणायचा, म्हणजे सिनेमा करणाऱ्यानं जो रंग पाहिला तोच नाशिकच्या दिवाणखान्यात दिसेल, एवढंच माझं काम.

ते घरी कोणीही अर्धंअधिक करू शकतं. आधी टीव्ही अर्धा तास चालू ठेवायचा. इंजिनासारखा तोही तापला की मगच खरं बोलतो. पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, समोर देवघर असेल तर समईसुद्धा थोडा वेळ आडोशाला. मग सेटिंगमध्ये जाऊन 'विविड' नावाचं जे भूत असतं ते काढायचं आणि 'सिनेमा' लावायचं. इथेच निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी रंग मोजणारा सेन्सर लागतो. आम्ही त्याला मीटर म्हणतो. कंदी पेढ्याएवढी डबी, पोटाला काचेचा एक डोळा. तिची वायर टीव्हीवरून मागे सोडायची, वायरला वजन असतं, त्यामुळे डबी पडद्याच्या मधोमध चिकटून लटकते. लॅपटॉप पडद्यावर आधी पांढरा चौकोन टाकतो, मग करड्याच्या एकेक छटा, मग लाल, हिरवा, निळा. मीटर प्रत्येक वेळी सांगतं की इथे निळा जास्त झालाय, इथे लाल कमी पडलाय. आपण टीव्हीतले आकडे वरखाली करायचे. चूक इतकी कमी झाली की माणसाच्या डोळ्याला कळणार नाही, तिथे थांबायचं. आणि एक गंमत सांगते. टीव्हीवर 'ब्राइटनेस' लिहिलेलं असतं ना, त्याचा उजेडाशी फारसा संबंध नसतो, जुन्या टीव्हीपासूनची ती रीत आहे. त्यानं काळ्या रंगाची खोली ठरते. हे कळायला लोकांना जन्म लागतो. मला तर कारखान्यातला पगार मिळत असूनही वर्ष लागलं होतं.

काम झालं की घरातलं प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणतं, "पिवळं झालं." म्हणून मी एक रीत पाडली आहे. शेवटचा आकडा बसला की सगळ्यांना अंगणात नाहीतर गॅलरीत काढते, चहा पाजते (त्यांचाच), बाहेरच्या उजेडात जरा रेंगाळू देते आणि मग आत आणते. डोळ्याला आधीचं विसरायला वेळ द्यावा लागतो. तरीही कोणी "पिवळं" म्हणालंच, तर माझं ठरलेलं उत्तर असे, "मीटर बरोबर आहे, तुमचे डोळे चुकतायत. आठ दिवस थांबा." हे वाक्य मी किती घरांत टाकून आले असेन, देव जाणे. मोठ्या तोऱ्यात टाकायचे.

तो तोरा आला सातपूरहून. रंगीत टीव्ही नुकते घरोघरी येऊ लागले होते तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात मी टीव्ही जोडायच्या लाइनवर होते. नळीच्या टीव्हीचा पांढरा रंग बसवायचं काम माझं. शेजारी नमुन्याचा एक संच ठेवलेला असायचा, त्याच्याकडे बघत स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा. साहेब एकदा म्हणाले, "देवरेबाईंची नजर म्हणजे यंत्र आहे." झालं. बावीस वर्षांच्या दोन वेण्यांच्या पोरीला हे सांगणं म्हणजे माकडाला दारू पाजणं. मी कोणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीचा खटका गाठायची. हळदीकुंकवाला बोलावलं तरी वाण हातात घेण्याआधी रंग कमी करून यायची. सासरी आल्यावर तर कहर. सासऱ्यांना टीव्हीतली माणसं टोमॅटोसारखी लाल लागत. ते संध्याकाळी रंग वाढवायचे, मी सकाळी कमी करायची. ते काही बोलायचे नाहीत, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वाढवायचे. मी मैत्रिणींना सांगून हसायची, "आमच्या मामंजींना चव नाही." स्वतःला काय समजत होते कोण जाणे!

पुढे नळीचे टीव्ही गेले, कारखाना गेला, मी घरी दुरुस्त्या करू लागले. दारात टीव्ही घेऊन आलेला माणूस "साहेब आहेत का?" म्हणून विचारायचा, मी "साहेब स्वयंपाक करतायत, या" म्हणायची. मग हे होम थिएटरचं फॅड आलं, आणि साठी उलटल्यावर मी मीटर घेतलं.

त्याच पहिल्या वर्षी दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. मी पाट मांडला, सोल्डरिंगची कांडी, मल्टीमीटर, पक्कड, पेचकस, सगळं ओळीनं. नवं मीटर मानानं मधोमध. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावत गेले. पकडीला कुठे लावायचं? तोंडाला. मग मीटरला कुठे लावायचं? मला त्याचा तो काचेचा डोळाच कपाळासारखा वाटला. भक्तिभावानं हळदीचं बोट तिथेच टेकवलं. दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसलं, पण पिवळी साय काचेला राहिलीच.

त्यानंतर जिथे जाईन तिथला टीव्ही निळा व्हायला लागला. उघड आहे. हळद निळा उजेड गिळते, म्हणजे मीटरला निळा कमी दिसणार, ते म्हणणार "निळा वाढवा" आणि मी वाढवणार. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांनी फोन केला, "काकू, सिनेमातली सगळी माणसं बर्फात ठेवल्यासारखी दिसतायत." मी काय म्हणाले असेन? बरोबर. "तुमचे डोळे चुकतायत, आठ दिवस थांबा." आठ दिवसांनी नातवानं मीटर हातात घेतलं आणि म्हणाला, "आजी, याला कावीळ झालीये का गं?" मग सगळ्या घरी पुन्हा फेऱ्या मारल्या. हळदीचं कारण मात्र कोणाला सांगितलं नाही. "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता" म्हणाले. सॉफ्टवेअर बिचारं मुकं असतं.

आता निकमांचं सांगते. हे सगळं त्यांच्यासाठीच लिहायला घेतलंय.

इंदिरानगरात निकमांचा बंगला आहे. मखमलाबादकडे त्यांची गुलाबाची शेती, ती आता पुतणे बघतात. आप्पा निकम आणि सुमनताई दोघंच घरी. मुलगा प्रसाद पुण्यात नोकरीला. त्यानंच वरच्या खोलीत मोठा टीव्ही बसवून दिलेला. मला फोन आला तो सुमनताईंचा. बाईनं स्वतःहून बोलावण्याची माझ्या धंद्यातली ही पहिलीच वेळ.

गेले तर आप्पा जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "ताई, वर जावा. खटला वर हाय."

वर सुमनताईंनी मला बसवलंसुद्धा नाही. पेनड्राइव्ह टीव्हीला लावलेलाच होता. पडद्यावर संक्रांतीचा व्हिडिओ सुरू केला. सुनेची, स्नेहलची, लग्नानंतरची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने घातलेली, हसरी, उंच मुलगी. सुमनताईंनी चित्र थांबवलं.

"साडीचा रंग कोणता दिसतो?"

"निळा," मी म्हणाले.

"निळाच दिसणार! या टीव्हीत सगळंच निळं दिसतं. माझे पांढरे केस बघा, निळे दिसतायत. मी स्वतःच्या हातानं काळी साडी निवडून आणली होती. तुमचं मशीन लावा आणि हा टीव्ही सुधारा. मग बघू."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या संक्रांतीला सासूनं सुनेला काळी साडी घ्यायची, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. कार्यक्रमात कोणा चुलतसासूनं स्नेहलला विचारलं, "पहिली संक्रांत आणि निळी गं?" ती सहज बोलून गेली, "आईंनी निळीच आणली." सुमनताईंनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, सून चारचौघांत आपल्याला कमीपणा आणतेय. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काळी आणलीय. खोटं बोलू नकोस." त्या दिवसापासून स्नेहल फोन करायची तो आप्पांच्या मोबाइलवर. पाडव्याला दोघं आली नाहीत. साडी पुण्याला तिच्या कपाटात.

"पण बाकीचे लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"सगळे तिच्याच बाजूचे. हे तर काय, ह्यांचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ह्यांना सगळीकडे निळंच दिसतं. स्वतःच म्हणत होते. मग ह्यांचं काय धरायचं?"

ऑपरेशननंतर तसं म्हणतात खरं. मुद्दा मला पटला. शिवाय टीव्ही खरोखरच 'विविड'वर होता. म्हटलं, बाईचं बरोबर आहे.

पडदे ओढले, मीटर लटकवलं आणि पद्धतशीर काम केलं. टीव्ही चांगल्या जातीचा, भराभर वळणावर आला. शेवटी पडद्यावर करड्या छटांची शिडी दिसायला लागली, एकही पायरी निळी नाही. सुमनताईंना आणि आप्पांना गॅलरीत नेलं, चहा झाला. तिथे दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. आत येऊन मी तेच चित्र लावलं.

साडी काळी होती. स्वच्छ काळी. अंगावरचा हलवा तिच्यावर चांदण्यासारखा उठून दिसत होता.

"बघा!" सुमनताई टाळी वाजवून म्हणाल्या. "बोला ताई, कोणता रंग?"

"काळा," मी म्हणाले. सातपूरच्या त्या दोन वेण्यांच्या तोऱ्यातच म्हणाले.

"निळी हाय," आप्पा दारातून म्हणाले.

"काळीच शे!" सुमनताई कडाडल्या. माहेर सटाण्याचं, राग चढला की तिकडची बोली वर येते. त्यांनी मोबाइल उचलला, बटण दाबून धरलं आणि बोलू लागल्या, "स्नेहल, आज मशीनवाल्या बाई आल्या होत्या. टीव्ही मोजून दिला त्यांनी. साडी काळीच आहे, त्याच म्हणाल्या. आता तरी कबूल कर." आणि पाठवून मोकळ्या झाल्या.

आप्पा आत आले. ते भांडत नव्हते. फुलांच्या माणसासारखे मान जरा कलती करून पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "ताई, येक इचारू? मशीननं टीव्ही मोजला, कबूल. पण साडी काळी हाय असं मशीननं कुठं सांगितलं? ते तुमी सांगितलं."

मला रागच आला. म्हटलं, होऊन जाऊ दे. पदराचा मोठा भाग पडद्यावर होता, तिथे मीटर सरकवून लटकवलं. गडद रंगाला मीटरला वेळ लागतो, अंधारात चाचपडल्यासारखं ते वाचतं. आम्ही तिघं उभे. आकडा आला. निळा. काळ्याच्या आसपाससुद्धा नाही, चक्क निळा.

पहिली शंका कोणाची घ्यावी? माझी नाही, मीटरची. गडद रंगात मीटर चुकतं कधीकधी, म्हणून पुन्हा घेतलं. निळा. दसऱ्याची आठवण झाली, म्हणून रुमालानं काच पुसली. पुसता पुसताच हात थांबला. हळद काचेवर असती तर निळा कमी दिसला असता, जास्त नाही. हळद मीटरला नव्हती.

मग कोणाला होती?

मी लॅपटॉपवर दोन चौकोन केले, एक अस्सल काळा, दुसरा साडीच्या आकड्याचा. शेजारी शेजारी पडद्यावर टाकले. मला एकच मोठा काळा आयत दिसला. सुमनताईंनाही. आप्पा म्हणाले, "डावा निळा." मी न सांगता बाजू बदलल्या. "आता उजवा." पुन्हा तशाच ठेवल्या. "उजवाच की." मी कितीदा बदललं असेल, तेवढ्या वेळा ते सांगत गेले, कंटाळून, दुसऱ्याचा गृहपाठ तपासावा तसे.

त्या खोलीत आम्ही दोघी साठी उलटलेल्या बायका होतो, बिनऑपरेशनच्या. आणि एक माणूस होता ज्याच्या डोळ्यातली हळद वर्षापूर्वीच धुतली गेली होती. मोतीबिंदू म्हणजे दुसरं काय? डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं पडत जातं. इतकं हळू, की माणसाला पत्ताच लागत नाही. गडद निळा त्यात बुडून काळा होतो. माझा मुलगा दोन वर्षं मागे लागला होता, "आई, डोळे दाखव." मी म्हणायची, "माझी नजर म्हणजे यंत्र आहे."

तिथे उभ्या उभ्या मामंजी आठवले. चव नव्हती त्यांना, म्हणे! फिके रंग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. सत्तरीचा माणूस रोज संध्याकाळी उठून गुपचूप रंग वाढवायचा, कारण त्याला माणसांचे चेहरे नीट दिसायला हवे होते.

"सुमनताई," मी म्हणाले, "साडी निळी आहे."

त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. "आत्ता तर काळी म्हणालात."

"मला काळीच दिसली. अजूनही काळीच दिसते. तुमच्या-माझ्या दोघींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"म्हणजे मी खोटी?"

"तुम्ही दिसलं ते सांगितलंत. पण तीही दिसलं तेच सांगत होती."

एवढ्यात फोन वाजला. स्नेहल. निरोप ऐकला होता तिनं. सुमनताईंनी स्पीकर लावला आणि मोबाइल हातभर लांब धरला, फोडणी उडेल म्हणून झारा धरावा तसा.

"आई," पलीकडून आवाज आला, शांत होता, तेच वाईट. "मला निळ्या-काळ्याचं काहीच नव्हतं. मला ती साडी आवडली होती. तुम्ही सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हणालात. आणि आता त्यासाठी मशीन आणलंत?"

 सुमनताईंनी मोबाइल माझ्या हातात कोंबला.

मी म्हणाले, "स्नेहल, मी मशीनवाली आजी. मशीन निळीच म्हणतंय, बाळा. काळी मी म्हणाले. तुझ्या सासूबाईंना आणि मला गडद निळा दिसतच नाही, हे आम्हाला आत्ता कळलं. त्यांनी मुद्दाम केलं नाही गं. दुकानात त्यांनी काळीच उचलली होती, त्यांच्या डोळ्यांनी."

 स्नेहल म्हणाली, "आजी, आईंना दुसरं काही अडतंय का? म्हणजे जिना उतरताना वगैरे? संध्याकाळी रस्ता ओलांडताना?"

आप्पा लांबून म्हणाले, "अडतंय की. लय दिस झाले. सांगत नाय कोणाला."

"तुम्ही गप्प बसा," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी फोन परत घेतला. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. आणि मी कापून घेणार नाही."

"मी शनिवारी येते," स्नेहल म्हणाली.

"रजा?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त घरी असा."

फोन ठेवल्यावर सुमनताई पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मग मला म्हणाल्या, "मी तिला चारचौघांत खोटी म्हटलं हो."  आठ दिवस थांबा असं सांगण्यासारखं ते नव्हतं.

माझं ऑपरेशन आधी झालं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी घरभर एकेक डोळा झाकून फिरले. नव्या डोळ्यानं बघितलं तर बाथरूममधली बादली निळीशार, जुन्या डोळ्यानं तीच मातकट. मुद्दाम क्रीम रंगाच्या लावून घेतलेल्या भिंती, त्या पांढऱ्याफेक निघाल्या. रंगाऱ्याशी किती भांडले होते! घरचा टीव्ही तेवढा ठीक निघाला, कारण तो मीटरनं लावलेला होता. पण गेल्या काही वर्षांत शेवटी "जरा नजरेनं बघू" म्हणत मी जिथे जिथे हात फिरवला होता, त्या घरांना फोन केले, म्हटलं येऊन फुकट तपासते. बहुतेकांनी बोलावलं. एक जण म्हणाले, "राहू द्या काकू, आता आमचे डोळे त्याला सरावलेत." मी निमूट फोन ठेवला. "तुमचे डोळे चुकतायत" हे वाक्य मी आता वापरत नाही. कोणी "पिवळं" म्हणालं तर विचारते, "कुठे दिसतं ते दाखवा बरं." घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला दोन चौकोनही दाखवते.

सुमनताई बऱ्याच उशिरा तयार झाल्या. स्नेहल तीनदा येऊन गेली तेव्हा. पहिल्यांदा आली तेव्हा दोघी देवळात गेल्या म्हणे आणि डोळ्यांचं नावही काढलं नाही. दुसऱ्यांदा सुमनताईंनी तिला गुलाबाच्या मळ्यात नेलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांकडे. पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. स्नेहल घड्याळ बघून त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होती, आप्पा बिछान्याच्या पायथ्याशी उभे. सुमनताईंच्या मांडीवर ती साडी होती. त्यांनीच पुण्याहून मागवली होती. जुना डोळा हातानं झाकून त्या खिडकीच्या उजेडात पदर उलटा-सुलटा करून बघत होत्या. गालावर थेंबाचं पाणी आलं होतं, निदान मी तरी थेंबाचंच म्हणेन.

"निळी आहे गं," त्या म्हणाल्या. "चक्क निळी. पहिल्या संक्रांतीला मी तुला निळी नेसवली."

स्नेहलनं त्यांच्या हातातून पदर घेतला, नीट निरखून पाहिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "नाही हो आई. काळीच आहे."

सुमनताईंनी तिच्याकडे बघितलं, मग आप्पांकडे, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघू लागले. मीटर मी मुद्दामच घरी ठेवून आले होते.